वॉर्डनकाकू आणि बिनवासाचा गॅस

"अन् नसन तं?"

हनुवटीला एक बोट लावायचं, मान जराशी तिरपी करायची, समोरच्याचं बोलणं पुरतं संपू द्यायचं आणि मग शांतपणे एवढंच विचारायचं, ही काकूंची रीत. डॉक्टर म्हणाले, पोरीला साधा ताप आहे, काळजीचं कारण नाही. "अन् नसन तं?" प्लंबर म्हणाला, आता हा नळ गळणार नाही. "अन् गळला तं?" आवाज चढवणं नाही, भांडण नाही. पण तो प्रश्न ऐकला की भलाभला माणूस आपलंच बोलणं मनात पुन्हा एकदा तपासून बघायचा.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बहुधा टाळलीही असतील. मीही टाळली असती; पण माझं कामच काकूंच्या फाटकाच्या आत होतं.

काकू म्हणजे एका नर्सिंग कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहाच्या वॉर्डन. हिंगणा रोडवरून आत वळलं की ती पिवळी इमारत लागायची. पुढे मैदान, मैदानात मोठा कडुनिंब. काकू मूळच्या नरखेडकडच्या. लग्न केलं नव्हतं की झालं नव्हतं, ते कोणाला ठाऊक नव्हतं, आणि विचारायची कोणाची हिंमत नव्हती. मुली तोंडावर काकू म्हणायच्या आणि पाठीमागे सीआयडी.

मुलींना भेटायला येणाऱ्या प्रत्येकाची फाटकावर तपासणी व्हायची.

"कोन तुम्ही?"

"मी तिचा मामा."

"घरी काय म्हनते तिले?"

"म्हणजे?"

"लाडानं गा. लाडानं काय म्हनते?"

खरा मामा 'चिमी' नाहीतर 'छकुली' म्हणून मोकळा व्हायचा. जो अडखळला तो फाटकाबाहेर. एकदा एका सख्ख्या बापालाच घाबरल्यामुळे लेकीचं लाडाचं नाव आठवेना. काकूंनी त्यालाही कडुनिंबाखाली बसवून ठेवलं. मुलगी धावत आली, "बाबा!" म्हणाली, तेव्हा कुठे त्याला पाणी मिळालं.

मी त्या वेळी हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या एका लहानशा कंपनीत इंजिनियर होतो. आम्ही फ्युएल सेल बनवायचो. लोखंडी कपाटासारखं एक मशीन. सिलिंडरमधला हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन त्यात एकत्र येतात, त्यातून वीज मिळते आणि उरतं ते पाणी. धूर नाही, घरघर नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे लाइन, म्हणजे वीज, जायला लागली की मुलींचे अभ्यासाचे हाल व्हायचे, डिझेलच्या जनरेटरनं सगळं आवार काळवंडायचं. कॉलेजच्या सचिवांनी कुठेतरी आमच्या मशीनबद्दल ऐकलं आणि सगळं वसतिगृह त्यावर चालवायचं ठरवलं. इमारतीच्या मागच्या भिंतीला लागून मशीन बसलं. त्याच्या बाजूला जाळीची खोली. पत्र्याचं छप्पर, आत लाल रंगाचे उभे सिलिंडर.

काकूंना हे सगळं समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हनजे आत काही जळत नाही?"

"नाही काकू. जळत नाही. दोन वायू नुसते जुळतात."

"जळल्याबिगर लाइट लागते?"

"लागतो."

"या गॅसले वास येते?"

"नाही."

"रंग?"

"नाही."

"मंग गळला तं कसं समजन?"

"वर छपराला सेन्सर आहे. हायड्रोजन हलका असतो, तो वर जातो. सेन्सर लगेच भोंगा वाजवतो."

"अन् सेन्सरच बिघडला असन तं?"

घरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, तसा याला का घालत नाही, असंही त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं, की त्या वासानं मशीन खराब होतं. काकूंनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

"बराबर. मशीनची तब्येत पहिले. पोरींची मंग." मग उठता उठता म्हणाल्या, "बिन नावागावाच्या मानसाले मी आत घेत नाही. अन् तुम्ही बिन वासारंगाचा गॅस आनून ठेवला."

त्या दिवसापासून मी संशयित झालो. दर हप्त्याला तपासणीला गेलो की काकू माझ्या मागोमाग मशीनपर्यंत यायच्या. पाना कुठल्या नटाला लावला, काय काढलं, काय परत बसवलं, सगळं बघायच्या. मी हातरुमाल खिशात घातला तरी विचारायच्या, "काय घेतलं?"

मशीनमधून थेंबथेंब पाणी निघायचं. बादली भरायची. मी म्हटलं, "काकू, हे एकदम शुद्ध पाणी. झाडांना घाला."

काकूंनी मोगऱ्याच्या दोन कुंड्या आणल्या. एकीला नळाचं पाणी, दुसरीला मशीनचं. रोज सकाळी दोन्हींची पानं चोळून बघायच्या, वास घ्यायच्या. काही दिवसांनी मशीनच्या पाण्याची कुंडी फुलांनी भरून गेली. नळाच्या पाण्याची जेमतेम होती. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "आता?"

"झाडाले काय समजते," काकू म्हणाल्या, आणि फुलं तोडून देवाला वाहिली. पण देवापुढे उदबत्ती लावली नाही. मशीन आल्यापासून वसतिगृहात उदबत्ती, निरांजन, काडी, सगळं बंद होतं. देवाजवळ विजेची छोटी पणती असायची. ती आमच्याच मशीनवर चालायची, हे त्यांना सांगायचं मी टाळलं.

आमच्या साहेबांना ही पाहणी खपत नव्हती. साहेब म्हणजे कंपनीचे मालक. माणूस हुशार, पण ज्यानं त्याच्या मशीनवर बोट ठेवलं तो त्याला वैरीच वाटायचा. एके दिवशी मला म्हणाले, "ती बाई जुन्या डिझेलवाल्याला मिळालेली दिसते. नजर ठेव तिच्यावर."

मला ते पटलं नव्हतं. पण संशयाचं बी एकदा पडलं की ते आपलं काम करत राहतं. पुढच्या खेपेला दुपार कलताना मला काकू एकट्याच इमारतीच्या मागच्या कोपऱ्याकडे जाताना दिसल्या. हातात झाकलेला डबा. तिथे बंद केलेला जुना जनरेटर होता. मी आडोशानं मागे गेलो. डब्यात डिझेलच होतं. त्यांनी ते टाकीत ओतलं, पदर कमरेला खोचला, आणि जनरेटर सुरू केला. थोडा वेळ तो धडधडत ठेवला, मग बंद केला. फडक्यानं पुसला. वर ताडपत्री घातली.

वळल्या तर समोर मी.

"हे काय काकू?"

"दर हप्त्याले चालवते. पडून राहिला तं जाम होते."

"पण कशासाठी? आता मशीन आहे ना."

"थे बंद पडलं तं पोरी अंधारात राहतीन." मग डोळे बारीक करून, "तुम्ही काहून आले इकडं, लपून?"

 दोघं एकमेकांवर पाळत ठेवताना पकडले गेलो होतो. मी हसलो. काकू हसल्या नाहीत.

आणखी एक गोष्ट मला तेव्हाच कळली. काकूंची खोली पहिल्यापासून फाटकासमोर, दर्शनी भागात होती. मशीन बसल्यावर त्यांनी ती सोडली आणि मागच्या बाजूची सामानाची कोठी रिकामी करून घेतली. मशीनची आणि जाळीच्या खोलीची भिंत तिथूनच सुरू व्हायची. मला वाटलं, मशीनचं काही चोरून ऐकायला. एकदा दार उघडं होतं म्हणून डोकावलो. खाट बरोबर त्या भिंतीला लावलेली, उशी भिंतीशी.

"इथं गरम नाही होत काकू?"

"होते ना."

"मग इथे कशाला?"

"काही झालं तं पहिले मले समजलं पायजे. वरच्या पोरींले मंग."

हे बोलताना त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. गादीवरची चादर ताणत होत्या. त्यानंतर मी त्यांच्यावर पाळत ठेवली नाही.

त्यांचं मन असं का झालं, ते एकदा त्यांनीच सांगितलं. मी काम उरकून हात धूत होतो. काकू कडुनिंबाखाली मेथी निवडत बसल्या होत्या. फार वर्षांपूर्वी, नोकरीला नव्या लागल्या तेव्हा, एक चांगल्या कपड्यांतला माणूस आला होता. गोड बोलणारा. एका मुलीचा मोठा भाऊ म्हणून. घरी आई आजारी आहे, न्यायला आलो म्हणाला. काकूंनी मुलीला खाली बोलावलं. मुलगी भावाला बघून गप्प झाली, पण गेली. तो भाऊ नव्हता. मुलगी काही दिवसांनी सापडली. जिवंत सापडली, एवढंच. शिक्षण सुटलं.

"थे त्याले घाबरून गप्प होती. मले वाटलं, आईच्या काळजीनं गप्प आहे." मेथीची एक काडी त्यांनी उगाच दोनदा मोडली. "मानूस चांगला वाटत होता, तेच चुकलं पाहा."

एप्रिलात पहिली गडबड झाली. मशीन अधूनमधून आतला नको असलेला वायू नि ओल बाहेर फेकतं; तेव्हा 'फुस्स' असा आवाज होतो. एरवी तो बारीक असतो, त्या दिवशी मोठा झाला. परीक्षा तोंडावर. काकूंनी घंटा बडवून सगळ्या मुलींना भर उन्हात मैदानात आणलं. कोणी केस धुवत होती, ती टॉवेलसकट. मला फोन आला, मी मोटरसायकल दामटत पोचलो, तर सगळं वसतिगृह कडुनिंबाखाली पुस्तकं घेऊन बसलेलं, आणि काकू माणसं मोजत उभ्या.

"काकू, मशीन श्वास सोडतं तसा तो आवाज असतो. घाबरायचं नाही."

"अन् पुढल्या वेळी श्वास नसन तं?"

त्यांना थोडं मोकळं करावं म्हणून मी गप्पांत एक गंमत सांगितली. हायड्रोजन पेटला तर त्याची ज्योत दिवसा डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. म्हणून पूर्वी काही कारखान्यांत माणसं पाइपांजवळून जाताना हातात झाडू पुढे धरून चालायची. झाडू पेटला की समजायचं, समोर आग आहे.

मी हसत सांगितलं. काकूंनी हसत ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून भर दुपारी काकू जाळीच्या खोलीत फडा घेऊन जायला लागल्या. फडा म्हणजे शिंदीच्या पानांचा झाडू. तो त्यांनी लांब बांबूला बांधला होता. एकेक जोड, एकेक नळी त्यानं चाचपून यायच्या, देवाला चवरी ढाळावी तशा. मुली खिडक्यांतून बघून हसायच्या. मुलींनी त्याचा व्हिडिओ काढला, तो सचिवांपर्यंत पोचला. सचिव आले, सगळ्यांदेखत बोलले, "संस्थेचं हसू करता तुम्ही," आणि जाळीच्या खोलीची किल्ली काकूंच्या जुडग्यातून काढून घेऊन गेले.

काकूंनी किल्ली जाऊ दिली. फडा मात्र टाकला नाही. जाळीच्या फाटकाच्या वर, छपरापर्यंत मोकळी जागा होती. त्या बाहेरून स्टुलावर उभ्या राहून तिथून बांबू आत घालायच्या.

मे महिन्यात संस्थेनं कार्यक्रम ठेवला. बाहेरचे पाहुणे येणार होते. लाइनचा मुख्य खटका बंद करून, सगळी इमारत नुसत्या फ्युएल सेलवर चाललेली त्यांना दाखवायची होती. सकाळी सिलिंडर बदलायला गॅसवाल्यांचा माणूस आला. नेहमी जोडांवर साबणाचं पाणी लावून मी बघायचो. त्या दिवशी साहेबांनी मला सभागृहातल्या पडद्याच्या कामाला लावलं आणि ते काम त्या माणसावर सोपवलं. आग ओळखणारा वेगळा सेन्सरही लावायचा होता. मी दोनदा मागितला होता. साहेबांच्या म्हणण्याप्रमाणे तो 'येऊन राहिला' होता, म्हणजे अजून वाटेतच.

सगळ्या मुली इमारतीतल्याच सभागृहात होत्या. पांढऱ्या गणवेशात, पंख्याखाली, ओळीनं. सचिव बोलत होते. काकू शेवटच्या ओळीत दाराशी बसल्या होत्या. दुपार झाली तशा उठल्या आणि बाहेर गेल्या. साहेबांनी ते पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

थोड्याच वेळात प्रणाली नावाची मुलगी दारात आली. कन्हानची, हडकुळी, मोठ्या डोळ्यांची. तिला काकूंनी स्टूल धरायला नेलं होतं. ती ओरडली नाही. सरळ माझ्याजवळ येऊन म्हणाली, "सर, काकूंचा फडा पेटून राहिला."

मी धावलो. ऊन असं होतं की पत्र्यावरची हवा जागोजागी थरथरत होती. काकू स्टुलावर, हातात बांबू, आणि त्याच्या टोकाला फडा धडधडून पेटलेला. समोर सिलिंडर, नळ्या, भिंत. बाकी काही नाही. ना ज्योत, ना धूर. वरचा सेन्सर गप्प. तो गप्पच राहणार होता. गळणारा वायू वर पोचायच्या आधीच जळून जात होता.

"तिथी आहे," काकू म्हणाल्या. "दुसऱ्या नळीपाशी. मले दिसत नाही, पन तिथीच आहे."

ही आग पाणी मारून विझवायची नसते. तिचा गॅस तोडायचा असतो. बाहेरच्या भिंतीवर त्यासाठी खटका होता. तो मी ओढला. नळीपाशी कसलासा बारीक फुत्कार होता, तो थांबला, तेव्हा कळलं की तिथे आवाजही होता. मशीनसोबतच्या बॅटरीवर दिवे थोडा वेळ चालले असते, पाहुण्यांना काही कळलंही नसतं; पण काकूंनी तोवर प्रणालीला घंटेकडे पिटाळलं होतं. मुली बाहेर आल्या. पाहुणेही आले. सगळ्यांनी जे पाहिलं ते एवढंच, की वॉर्डनबाई हातात पेटता झाडू घेऊन गॅसच्या सिलिंडरांजवळ उभ्या आहेत.

आता तुम्हीच सांगा, लोकांना काय वाटणार?

पाहुणे गेल्यावर सचिवांच्या खोलीत आम्ही चौघं. साहेब खुर्चीत. काकू उभ्या. त्यांना कोणी बसा म्हटलं नव्हतं. साडीच्या काठावर राखेचा डाग होता.

"तुम्हाला हे मशीन पहिल्या दिवसापासून नको होतं," सचिव म्हणाले. "खरं की नाही?"

"खरं."

"जनरेटरही चोरून चालवता, शिपाई सांगत होता."

"चालवते."

"मग आज कार्यक्रम उधळायला झाडू तुम्हीच पेटवला नाही, यावर मी कसा विश्वास ठेवू?"

साहेब म्हणाले, "सेन्सर वाजला नाही. आग असती तर वाजला असता." हे खरं नव्हतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. ते टेबलाकडे बघत राहिले.

जन्मभर दुसऱ्यावर संशय घेतलेल्या त्या बाईवर आज सगळ्या खोलीचा संशय होता. मला वाटलं, आता त्या त्यांचा तो प्रश्न विचारतील. त्यांनी विचारला नाही. सावकाश म्हणाल्या, "सर, मले काडीच लावायची असती तं मी पहिले पोरींले बाहेर काढलं असतं. पोरी सगळ्या आत होत्या ना."



मी उठलो. "सर, एकदा खाली चला. तुम्हीही चला साहेब."

जाळीचं फाटक सचिवांनीच किल्लीनं उघडलं. दुसऱ्या नळीच्या जोडाशी, भिंतीवरच्या रंगाला तळहाताएवढे फोड आले होते. आतून, नळीच्या बाजूनं; बाहेरून घातलेल्या झाडूनं तसे फोड येत नाहीत. नट तिरका बसला होता. मी पान्यानं काढून सचिवांच्या हातात दिला. "आग इथे होती. गळता हायड्रोजन न दिसणाऱ्या ठिणगीनंही पेटतो. सेन्सर गॅस ओळखतो, आग ओळखत नाही. आग ओळखणारा सेन्सर अजून लावलेला नाही. काकूंनी दुपारी झाडू घातला नसता तर ही आग शेजारच्या सिलिंडरला तापवत राहिली असती." मी हात वर करून वरच्या खिडक्या दाखवल्या. एका खिडकीत मुलींचे टॉवेल वाळत होते.

सचिवांनी नट उलटसुलट करून पाहिला. साहेब फाटकाबाहेर जाऊन फोनवर बोलायला लागले.

गाडीत साहेब मला एवढंच म्हणाले, "तू नक्की कोणाचा माणूस आहेस?"  दुसऱ्याच दिवशी आग ओळखणारा सेन्सर आला. येऊन राहिलेला इतक्या लवकर पोचला.

मी तो बसवत होतो तेव्हा काकू मागे येऊन उभ्या राहिल्या. 

"तू माह्या बाजूनं काहून बोलला गा?"

आजवर त्या मला 'तुम्ही' म्हणत आल्या होत्या.

"जे होतं ते बोललो काकू."

"तुले काय पायजे?"

"काही नको."

"काही नको म्हननाऱ्या मानसाचं मले लय भेव वाटते," त्या म्हणाल्या. आणि मग आत जाऊन माझ्यासाठी ताटलीत गरम भाकर आणि मेथीची भाजी घेऊन आल्या. मी जेवत असताना समोर बसून राहिल्या. माझ्या पिशवीत काय आहे, त्या दिवशी विचारलं नाही.

सचिवांनी किल्ली शिपायाच्या हाती परत पाठवली. काकूंनी घेतली नाही. "ज्याच्या हातानं गेली त्याच्या हातानं येऊ दे." शिपाई दोनदा आला, दोनदा परत गेला. शेवटी एका रविवारी सचिव स्वतः आले. माफी वगैरे काही मागितली नाही. तशी माणसं मागत नाहीत. किल्ली पुढे केली आणि म्हणाले, "बाई, आता तुम्हीच ठेवा." काकूंनी ती जुडग्यात ओवली, आणि त्यांना चहा विचारला.

मशीन चालत राहिलं. पुढे दोन उन्हाळे वसतिगृहात अभ्यासाच्या वेळी कधी अंधार झाला नाही. काकूंचा मशीनवर विश्वास बसला का? नाही. पण एकदा पाहुण्यांपैकी कोणीतरी नाक मुरडून म्हणालं, हे हायड्रोजन वगैरे सगळं दिखाव्याचं असतं, तर काकू त्याच्यावर केवढ्या उसळल्या! "दिखावा? साऱ्या पोरी पास झाल्या याच्या उजेडात!" त्याला बोलायचा हक्क नव्हता. हक्क फक्त काकूंचा होता.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा मी पुण्याला नोकरी घेतली होती. भावाकडे, नरखेडजवळच्या गावी गेल्या एवढं कळलं. एकदोनदा फोन झाला. दोन्ही वेळा माझा आवाज ओळखून घ्यायला त्यांनी बराच वेळ लावला.

गेल्या वर्षी आईला घेऊन नागपूरच्या एका दवाखान्यात गेलो होतो. वॉर्डातली सिस्टर माझ्याकडे सारखी बघत होती. अंगानं भरली होती, डोळे तेच. प्रणाली. आईचं सलाइन लावून झाल्यावर ती मला व्हरांड्यात घेऊन गेली.

काकू याच वॉर्डात होत्या, म्हणाली. अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, आणि बोलणं गेलं. भाऊ सोबत होता, पण रात्रंदिवस बघायला या वसतिगृहातल्याच मुली. इथे त्यांच्या हातच्या चौघी-पाचजणी आहेत. जिची ड्युटी नसेल तीही येऊन बसायची. इथेच त्या गेल्या.

"त्रास झाला का त्यांना?"

"नाही सर. पण पहिले दोन दिवस औषधच घेत नव्हत्या. दात घट्ट मिटून घ्यायच्या. डॉक्टर म्हणाले, समज गेली आहे. मी म्हटलं, समज नाही गेली, विचारता येऊन नाही राहिलं."

मग तिनं काय केलं ते सांगताना तिनं हातात नसलेली गोळ्यांची पट्टी धरून दाखवली. दर वेळी ती पट्टी काकूंच्या डोळ्यांसमोर न्यायची. औषधाचं नाव मोठ्यानं वाचायची. कशासाठी आहे ते सांगायची. कोणत्या डॉक्टरांनी लिहिलं, ते सांगायची. मग पट्टी उलटी करून मुदत वाचून दाखवायची, आणि थांबायची.

काकू तिच्या तोंडाकडे बघत राहायच्या. बराच वेळ. आणि मग तोंड उघडायच्या.